देवीच्या ओट्यावरची फुली

इकडे ये बघू, जवळ. तू बोरिवलीला आहेस, ठाऊक आहे मला, पण कान तरी इकडे कर आणि तो मोबाईल उलटा ठेव. परवा फोनवर हसलीस ते मला आवडलं नाही हो. “मावशी, कचरा कोण मोजत बसतं? कचरा तो कचरा,” म्हणालीस, आणि मी पुढचं सांगायच्या आत गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवलास. एवढं दूध कोण पितं गं तुमच्याकडे? दर वेळी माझा फोन आला की उतू जातं. म्हणून आता लिहूनच पाठवते. लिहिलेल्याला दुधाचं कारण चालत नाही.

कचरा मी मोजत होते. मुलुंडच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला तो डोंगर आहे ना, त्याच्या फाटकात वजनकाटा होता, आणि त्या काट्याच्या केबिनमध्ये मी बावीस वर्षं बसले. तुझी आई सगळ्यांना सांगायची, ताई म्युनशिपाल्टीच्या कामावर आहे. कचऱ्याचं नाव काढायची नाही. मला कधी लाज वाटली नाही. आमचे बाबा गिरणीत कापड मोजायचे, मी कचरा मोजला. मोजणाऱ्याने काय मोजायचं ते निवडायचं नसतं, नीट मोजायचं असतं.

शाळा माझी सातवीपर्यंत. बाकी सगळं काट्यावर शिकले. काटा म्हणजे काय, तर जमिनीशी समतल एक मोठी लोखंडी पाटी, तिच्याखाली काँक्रीटचा पक्का खड्डा आणि त्यात वजनाची यंत्रं. भरलेली गाडी पाटीवर चढली की केबिनमध्ये आकडा उमटतो. गाडी आत जाऊन रिकामी होते, परत येते, पुन्हा वजन. भरल्यातून रिकामं वजा केलं की राहतो तो माल. ऐकायला सोपं आहे. पण ड्रायव्हर लोक म्हणजे एकेक नग! कोणी भरल्या गाडीत स्वतः बसून वजन करणार आणि रिकामीच्या वेळी चहाला उतरणार. कोणी येताना पाण्याची टाकी भरून आणणार, जाताना सांडून देणार. पावसात ताडपत्रीवर तळं साठवून आणायचे. मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचे, “उतर रे खाली, तुझं वजन काय कचऱ्यात धरू?” त्यावर एकाने मला उत्तर दिलं होतं, “धरा मावशी, घरची तेच म्हणते.” हसले मी, पण उतरवला त्याला. काट्यावर माझ्या देखत एकही माणूस गाडीत बसून राहिला नाही, आणि एकही गाडी वजनाशिवाय फाटकातून गेली नाही. हे लक्षात ठेव. पुढे याच्यावरच सगळं येणार आहे.

तर पुढे काय झालं, डोंगरावर नवा कचरा टाकणं बंद झालं आणि जुना उपसायचं काम निघालं. वर्षानुवर्षं कुजलेला कचरा खणायचा, चाळायचा, माती वेगळी, प्लास्टिक वेगळं, दगड वेगळे, आणि गाड्या भरभरून बाहेर पाठवायचा. आता माझं काम उलटं झालं. गाडी रिकामी आत जायची, भरून बाहेर यायची, आणि मी बाहेर जाणाऱ्याचं वजन लिहायचे. दर महिन्याला त्याचा अहवाल वर जायचा.

पण नुसत्या वजनावर वरच्यांचं समाधान नव्हतं. त्यांना डोंगराचा आकारही हवा होता. वर्षातून एकदा सर्व्हेवाले यायचे, डोंगर किती उंच, किती पसरलेला ते मापायचे आणि सांगायचे की गेल्या वर्षीपेक्षा इतका कमी झाला. मग ते आणि माझ्या काट्यावरचं वजन शेजारी शेजारी ठेवायचं. डोंगर जेवढा कमी झाला तेवढाच माल काट्यावरून गेला पाहिजे ना? अगदी तंतोतंत नाही जुळत, कारण कचरा बसतो, ओला असतो, सुकतो. पण साधारण जुळायला हवं.

पहिल्या वर्षी आला तो सर्व्हेअर तरुण होता, भला माणूस. त्याच्याकडे तिपाईवरचं यंत्र आणि एक उंच आकड्यांची पट्टी. माझ्या केबिनमध्ये पाणी प्यायला आला तेव्हा डोकं धरून बसला. म्हणाला, “मावशी, इथे सगळंच हलतं. भिंतीला भेगा, खांब कलले, रस्ता खचलेला. उंची मोजायची तर एक जागा अशी लागते जी कधी हलत नाही. तिच्यापासून सगळं मोजायचं. ती इथे सापडेना.”

मी म्हटलं, देवीचा ओटा बघ.

आता देवीचं सांगते. फाटकाच्या आत, काट्याच्या समोरच, जुन्या बांधावर कोळ्यांची देवी आहे. डोंगर नव्हता तेव्हापासूनची. तिथे फक्त खाडी होती आणि मासे पकडायच्या होड्या होत्या, तेव्हा कोळणी तिला नारळ द्यायच्या. कचरा आला, होड्या गेल्या, देवी राहिली. खाडीकाठच्या गावठाणातली एक म्हातारी कोळीण, तिला आम्ही सगळे आजी म्हणायचो, दर मंगळवारी-शुक्रवारी दिवा लावायला यायची आणि जाता जाता ड्रायव्हरांना सुकट विकायची. इथे काय वाट्टेल ते तुटलं असतं, पण देवीच्या ओट्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. ओटा जुन्या दगडी बांधावर, त्यामुळे खचण्याचाही प्रश्न नव्हता. सर्व्हेअरला पटलं. त्याने ओट्याच्या कोपऱ्यावर, वरच्या लादीवर, पिवळ्या रंगाने एक फुली काढली, बाजूला तीन अक्षरं लिहिली आणि मला म्हणाला, “मावशी, ही खूण तुमच्या हवाली. ही गेली तर आमची वाट लागली समजा.”

मी म्हटलं, तू निर्धास्त जा.

आणि मी खरंच सांभाळली गं. तिथेच तर घोळ झाला.

आजीचा एक रिवाज होता. पावसाळ्यात डोंगरातून काळं पाणी झिरपायचं आणि बांधापर्यंत यायचं. वास असा की नवा माणूस उभा राहू शकत नाही. ते पाणी देवीच्या पायाला लागू नये म्हणून दर वर्षी नवरात्राच्या आधी ओट्यावर विटांचा एक थर चढायचा, वर लादी, आणि मग देवीला पुन्हा वर बसवायची. आजी म्हणायची, “आई पान्याला शिवंल, घानीला नाय शिवायची.” कचरा वेचणाऱ्या बायका विटा आणायच्या, ड्रायव्हर सिमेंट कालवायचे, मी सगळ्यांना चहा पाजायचे. ऐन ड्युटीत, हो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात.

फुली काढल्यानंतरच्या पहिल्या नवरात्रात विटा आल्या तशी मी धावत खाली गेले. म्हटलं, थांबा, साहेबांची खूण गाडली जाईल. आमच्यात एक ड्रायव्हर होता, ट्रकच्या मागे नक्षी आणि अक्षरं रंगवण्यात एकदम उस्ताद. त्याला म्हटलं, नवी लादी बसली की तिच्यावर हीच फुली, याच कोपऱ्यात, अशीच काढ. तीन अक्षरंसुद्धा. त्याने बोटांनी मापं घेतली आणि अशी झकास काढली की मूळची वाकडी वाटावी. मी मनात म्हटलं, बघ, कशी जपली खूण.

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. सर्व्हेची माणसं दर वर्षी वेगळी यायची. ती फुली शोधायची, पट्टी तिच्यावर उभी करायची आणि कामाला लागायची. फुली दिसतेय म्हटल्यावर कोण कशाला विचारील?

कळलं का तुला? नाही? अगं, उंची मोजायची ती या फुलीपासून. डोंगर फुलीपेक्षा किती वर, एवढंच यंत्राला कळतं. फुली वर चढली तर डोंगर तितकाच बुटका दिसणार. तीन वर्षांत तीन थर, म्हणजे फूटभर आणि वर दोन बोटं. तू म्हणशील फूटभराने काय होतं. घावन घाल. एका घावनाची जाडी किती, कागदाएवढी. पण तवाच शिवाजी पार्काएवढा असला तर पीठ किती जाईल, सांग. अख्ख्या डोंगरावरून फूटभर जाडीचा माल कागदावर नाहीसा झाला.

पहिल्या थरानंतर फरक थोडा आला, तो कोणी मनावर घेतला नाही. दुसऱ्या थरानंतर वरून विचारणा झाली, कचरा बसला असेल म्हणून मिटलं. तिसऱ्या थरानंतर एक साहेब स्वतः आले. उंच, इस्त्रीचे कपडे, हातात जाड अहवाल. केबिनच्या दारातूनच म्हणाले, “बाई, डोंगर जेवढा गेलाय त्याच्या मानाने तुमच्या काट्यावर वजन फारच कमी आहे. म्हणजे कितीतरी गाड्या वजन न करताच सोडल्यात. कोणाच्या सांगण्यावरून?”

माझ्या हातात पावतीचं बुक होतं. समोर गाडी उभी होती. मी आधी त्या गाडीचं वजन लिहिलं, पावती दिली, मग साहेबांकडे वळले. म्हटलं, माझ्या काट्यावरून एकही गाडी वजनाशिवाय गेलेली नाही.

ते म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर ही खुर्ची सोडायची आणि पुढची चौकशी वेगळी. तो गुरुवार होता.

तुला खरं सांगू, मला नोकरीची तेवढी धास्ती नव्हती. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पण वीस वर्षांतलं एकेक पान मी माझ्या हाताने लिहिलेलं. जाताना माझ्यावर चोर म्हणून शिक्का बसला असता तर त्यातलं एकही पान कोणी खरं मानलं नसतं. रडले नाही मी. घाबरलेही नाही फारशी. मला माहीत होतं ना, की माझा काटा खरा आहे. मग चूक दुसरीकडे कुठेतरी आहे. ती शोधायची होती.

साहेबांना म्हटलं, अहवाल ठेवून जा. ते हसले. म्हणाले, त्यात तुम्हाला काय कळणार? मी म्हटलं, आकडे आहेत ना, मग कळेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या कमी होत्या. डबा बाजूला सारून मी तो अहवाल उघडला. पुढची पानं सगळी इंग्रजी, नकाशे, रंगीत रेघा. मागे मात्र तक्ते होते. कुठल्या जागेची उंची कोणत्या वर्षी किती. त्यात एक ओळ होती माझ्या काट्याची. पहिल्या वर्षीच्या त्या भल्या सर्व्हेअरने काट्याच्या काँक्रीटचा कोपराही मापून ठेवला होता, आणि पुढच्यांनी नुसती री ओढत दर वर्षी मापला होता. मी बोट ठेवून वाचत गेले. पहिल्या वर्षीपेक्षा दुसऱ्या वर्षी काटा खाली. तिसऱ्या वर्षी आणखी खाली. या वर्षी फूटभर आणि वर थोडा.

काटा फूटभर खाली गेला!

अगं, माझा काटा सूतभर जरी खचला असता ना, तरी गाडी चढताना धडाम आवाज आला असता. वीस वर्षं मी तो आवाज ऐकतेय, कोणत्या गाडीचा कोणता टायर कमी हवेचा आहे ते मला ऐकून कळायचं. दर वर्षी वजनं घेऊन तपासणारे येतात, शिक्का मारून जातात. फूटभर खचलेल्या काट्यावर ट्रक चढलाच नसता, नाक घासून पडला असता. मग काटा खाली गेला नाही. मग काय झालं?

मी मान वर केली. खिडकीतून समोर देवी दिसत होती.

आणि मग माझ्या अंगावर काटा आला. कारण पहिली फुली काढली त्या वर्षी त्या खिडकीतून, खुर्चीत बसल्या जागी, मधल्या कठड्यावरून देवीचा फक्त मुकुट दिसायचा. नमस्कार करायला उठून उभं राहावं लागायचं. पुढे पुढे कपाळ दिसायला लागलं. आता मी बसलेली, आणि देवीचे डोळे सरळ माझ्या डोळ्यांत. मला वाटायचं, आईची कृपा, बसल्या बसल्या दर्शन देते. आई वर चढत होती, आणि तिच्याबरोबर फुलीही. आणि फुली चढवणारी मी.

संध्याकाळी रंगवणाऱ्या ड्रायव्हरला बोलावून सांगितलं तर त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, मावशी, नुसतं लिहा की काटा हलला नाही, यंत्रवाल्यांचं यंत्रवाले बघतील. फुली कोणी वर घेतली हे कशाला लिहायचं? उगाच तुमच्यावर येईल. आजीही तिथेच होती, सुकटीची टोपली घेऊन. तिला समजावून सांगायला मला चांगला अर्धा तास लागला. शेवटी ती म्हणाली, “आई वर आली तर तुमचा डोंगर खाली गेला? मंग चांगलाच झाला.” आणि खो खो हसत सुटली. आम्हीही हसलो. पण ड्रायव्हरचं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. पण दुसऱ्यांना गाडीतून उतरवून वजन करणारी बाई मी. स्वतःचंच वजन लपवू?

खुलासा मी स्वतःच्या अक्षरात लिहिला, मराठीत, तीन वाक्यं. फुली मी दर वर्षी वर घ्यायला लावली. काटा आपल्या जागी आहे. एकही गाडी वजनाशिवाय गेलेली नाही. खाली सही.

सोमवारी साहेब आले ते त्या वर्षीच्या सर्व्हेअरला घेऊनच आले. खुलासा वाचला, पुन्हा वाचला, आणि सर्व्हेअरकडे दिला. सर्व्हेअर म्हणाला, खूण तर जागेवरच आहे, मी स्वतः पट्टी ठेवली होती. मी म्हटलं, चला, दाखवते.

आजीला मी आधीच बोलावून ठेवलं होतं. तिने नारळ फोडला, देवीला काहीतरी पुटपुटून सांगितलं, आणि कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, हितून काढा, समोरून नको. ड्रायव्हरने छिन्नीने हळू हळू वरची लादी सोडवली. खाली विटा. विटा काढल्या तर खाली दुसरी लादी, आणि तिच्यावर पिवळी फुली. झकास, तीन अक्षरांसकट. ती उचलली, पुन्हा विटा, पुन्हा लादी, पुन्हा फुली. सर्व्हेअर खाली वाकून बघत होता, त्याचा चष्मा घसरून पडला. सगळ्यात तळाशी चौथी फुली निघाली. जराशी वाकडी, रंग उडालेला.

“ही माझी नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “वरच्या तिन्ही माझ्या.” त्या अवस्थेतही त्याला ते सांगायचं होतंच.

सर्व्हेअरने त्या वाकड्या फुलीवर पट्टी उभी केली, तिपाईवरून बघितलं, मग काट्याचा कोपरा बघितला. कागदावर काहीतरी मांडलं. पुन्हा एकदा बघितलं, आणि साहेबांना म्हणाला, काटा पहिल्या वर्षी होता तिथेच आहे, सर. आमची उंची चुकलीय.

साहेबांनी चारही फुल्या बोटाने एकेक करून मोजल्या. मग मला म्हणाले, “बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कुठे?” मी म्हटलं. “तुम्ही गाड्या कोणाच्या सांगण्यावरून सोडल्या ते विचारलंत.”

साहेबांनी सर्व्हेअरकडून माझा खुलासा परत घेतला आणि खिशात ठेवला. माफी मागितली नाही त्यांनी, आणि मला नको होती. पण जाताना केबिनमध्ये आले, खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, ती तुमची आहे. तेवढं मला पुरलं. मागच्या तिन्ही वर्षांचे हिशोब पुन्हा मांडले गेले, आणि नवा अहवाल आला तेव्हा डोंगराची घट आणि माझ्या काट्याचं वजन शेजारी शेजारी असं बसलं की मी ते पान दोनदा वाचलं. तोंडी ताकीद मिळाली मला, खुणेला हात लावल्याबद्दल. बरोबरच होतं. ती मी खाली मान घालून ऐकली. खरं तर मला सांगितलं होतं खूण सांभाळा, आणि मी रंग सांभाळला, जागा सांभाळली नाही.

नवी खूण कुठे केली माहितीये? माझ्या काट्याच्या काँक्रीटमध्ये. पितळेची गोल टिकली ठोकून बसवली. कोणी रंगवू शकत नाही, कोणी वर घेऊ शकत नाही. त्यानंतर दीड वर्षं मी रोज सकाळी केबिन उघडायच्या आधी ती टिकली पदराने पुसायचे. आता ड्रोन उडवतात म्हणे डोंगरावर, पण तेही म्हणे काट्याच्या टिकलीवरून आकडे ताडून बघतात. ड्रायव्हर अजून फोन करून सांगतो सगळं.

ओट्याचा तोडलेला कोपरा आजीने त्याच आठवड्यात पुन्हा बांधून घेतला. तळातल्या फुलीवर परत विटा आल्या. वरच्या लादीवर ड्रायव्हरने पुन्हा पिवळी फुली काढली. त्याला म्हटलं, अरे, आता कोणाला लागते ती? म्हणाला, राहू दे मावशी, देवीला सवय झालीय.

तर असा मोजतात कचरा. हसलीस ना? आता हस, आता चालेल.

आजी आता थकलीय, काठी लागते तिला. डोंगर पुष्कळ खाली आलाय, काळं पाणीही कमी झालंय, पण यंदाही नवरात्राच्या आधी थर चढवायचाय, तिचा हट्टच आहे. विटा उचलायला हात कमी पडतात. बोरिवली ते मुलुंड म्हणजे काही परदेश नाही, ठाण्यावरून नाहीतर जोगेश्वरीवरून थेट बस मिळते. शनिवारी सकाळी ये, जुने कपडे घालून ये. घावन करते, काळ्या वाटाण्यांची आमटी करते. जेवून आपण दोघी फाटकापाशी जाऊ, तुला ती टिकली दाखवते. आणि येताना तुमच्याकडचं दूध गॅसवरून उतरवून ये गं बाई. पण लवकर ये.